युद्ध बघितलेला हात: बगदादची शिल्पं आणि आपले वीरगळ

घाटात ज्यांची रेंज जाते किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. अडखळलेलं थोडं साफ केलंय, बाकी बोललो तसंच आहे.

राजकोटच्या पुतळ्यावरचा भाग झाल्यावर तुमचे भरपूर मेसेज आले. बहुतेक सगळे उंचीबद्दल, वजनाबद्दल, आत लोखंड कसलं वापरतात याबद्दल. ते साहजिक आहे. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाला मालवणात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला आणि मे २०२५ मध्ये त्याच जागी राम सुतार यांच्या कार्यशाळेतला नवा, कितीतरी मोठा पुतळा आला. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडल्यावर माणूस नट-बोल्टचंच विचारणार. पण कुडाळच्या एका मुलीने वेगळंच विचारलं. ती म्हणाली, "दादा, आपण लढाईचे एवढे पुतळे उभे करतो, पण ते घडवणाऱ्याने लढाई बघितलेलीच नसते. बघितलेली असती तर पुतळा वेगळा झाला असता का?"

हा प्रश्न मला आठवडाभर सोडेना. त्याचं खरं उत्तर शोधायचं तर जिथे शिल्पकारांच्या घरात युद्ध शिरलं, अशा ठिकाणी जायला हवं. म्हणून आज बगदाद आणि बैरुत. पण सुरुवात आपल्याकडूनच करू, कारण लढाई दगडात कोरायची आपली पद्धत त्यांच्या आधुनिक शिल्पांपेक्षा कैक शतकं जुनी आहे.

वीरगळ तुम्ही बघितलेत. देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पाराला टेकवलेला, कधी अर्धा मातीत गेलेला उभा काळा दगड. शब्द कन्नडमधून आलाय, 'कल्लु' म्हणजे दगड; वीराचा दगड. त्यावर दोन-तीन किंवा चार कप्पे असतात आणि ते खालून वर वाचायचे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सगळ्यात खाली लढाई असते, किंवा वीर पडलेला असतो. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला हात धरून वर नेतायत. आणखी वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. टोकाला कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो. मालवणच्या किनाऱ्यावर जो मोरयाचा धोंडा आहे, जिथे सिंधुदुर्ग बांधण्याआधी महाराजांनी पूजा केली असं सांगतात, त्यावरही गणपतीबरोबर चंद्र-सूर्य आहेत. तीच भाषा.

समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ मात्र फार दुर्मीळ. त्यातले सगळ्यात प्रसिद्ध मुंबईत बोरिवलीच्या एकसर गावात आहेत. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये तिथल्या सहा शिळांची नोंद आहे आणि त्यातल्या मोठ्या शिळा दहा फुटांच्या आसपास आहेत. हत्ती, धनुर्धारी, आणि मग गलबतं. डोलकाठीवाली, एका बाजूने वल्ह्यांची रांगच्या रांग असलेली. ही लढाई कुठली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एक मत असं, की कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, १२६५ च्या सुमाराची. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं यादवांच्या बाजूने लिहून ठेवलंय. दुसरं मत ही शिळा त्याहून दोनेकशे वर्षं जुनी मानतं.

माझं लक्ष जातं ते वल्ह्यांकडे. ज्याने ती कोरली त्याने होडी नक्की बघितली होती. वल्हं पाण्यात कुठल्या कोनात जातं हे त्याला ठाऊक होतं. पण मरण कसं असतं हे त्याने दाखवलेलं नाही. वीर पडतो आणि लगेच वरच्या कप्प्यात अप्सरा. खालच्या आणि वरच्या कप्प्याच्या मधे एक आडवी पट्टी असते, बोटभर. घरच्यांचं काय झालं ते सगळं त्या पट्टीत संपलं. वीरगळ हा मेलेल्याच्या घरच्यांना धीर देण्यासाठी असतो, त्यांना पुन्हा रडवण्यासाठी नाही. तो त्याचं काम चोख करतो.

आता बगदाद.

जवाद सलीम. आधुनिक इराकी शिल्पकलेचं नाव घेताना पहिलं नाव हेच. पॅरिसला शिकायला गेला १९३८ मध्ये. दुसरं महायुद्ध सुरू झालं, पॅरिस सुटलं. रोमला गेला, तिथेही युद्ध पोचलं, रोम सुटलं. विशी-एकविशीचा मुलगा शिक्षण अर्धवट टाकून बगदादला परत. तिथे त्याला नोकरी मिळाली पुरातत्त्व खात्यात. आणि गंमत बघा, युद्ध नसतं तर हा माणूस पॅरिसमध्येच रमला असता. युद्धामुळे तो रोज सुमेर आणि असिरियाच्या हजारो वर्षांच्या शिळांमध्ये हात घालत बसला. त्याच काळात बगदादमध्ये पोलंडच्या सैन्याबरोबर आलेले काही चित्रकार होते, म्हणजे स्वतः युद्धातून हाकलले गेलेले लोक; त्यांच्याकडून त्याला युरोपातली नवी चित्रकला कळली. पुढे लंडनला जाऊन शिकला, १९५१ मध्ये मित्रांबरोबर 'बगदाद आधुनिक कला गट' काढला. जुन्या इराकी शिळांची भाषा आणि नवी कला एकत्र आणायची, हा त्या गटाचा ध्यास.

१९५८ मध्ये इराकमध्ये राजेशाही उलथली. नवा सत्ताधारी अब्दुल करीम कासिम याने सलीमकडून स्मारक मागितलं. त्यातून झालं 'नसब अल-हुर्रिया', स्वातंत्र्याचं स्मारक. बगदादच्या तहरीर चौकात, पन्नास मीटर लांब, उंचावर धरलेला एक फलक आणि त्यावर ब्राँझच्या आकृत्यांचे चौदा समूह. फलक रिफात चादिरजी या वास्तुकाराचा. एखादं वाक्य लिहावं तसं ते उजवीकडून डावीकडे वाचायचं, अरबी लिपीसारखं. आपला वीरगळ खालून वर, त्यांचं स्मारक उजवीकडून डावीकडे. दोन्हीकडे बघणाऱ्याला वाचता येतं, असं गृहीत धरलंय.

या स्मारकात काय नाही, ते आधी सांगतो. कासिमचा चेहरा नाही. सत्ताधाऱ्याने पैसे दिले आणि सत्ताधारीच त्यात नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही चौकात उभं राहून कल्पना करून बघा. मधोमध एक सैनिक आहे, तुरुंगाचे गज फोडून बाहेर पडणारा. पण त्याच्या आधी, उजव्या बाजूला, मेलेल्या मुलावर वाकलेली आई आहे. आणि जवळच दुसरी आई, तान्हं बाळ पोटाशी धरलेली. वीरगळाच्या दोन कप्प्यांमधली जी बोटभर पट्टी मी म्हटली ना, तिथे सलीमने या बायका आणून उभ्या केल्या. माझ्या मते फरक पडतो तो इथे. अप्सरांऐवजी आई.

सलीमला ते पूर्ण उभं राहिलेलं बघायला मिळालं नाही. ब्राँझचं ओतकाम इटलीत, फ्लोरेन्सला झालं, तुकडे बगदादला आले, आणि बसवण्याचं काम चालू असतानाच जानेवारी १९६१ मध्ये हृदयविकाराने तो गेला. चाळीस-एक वर्षांचा होता. उद्घाटन त्याच वर्षी जुलैत झालं. २०१९ मध्ये बगदादची तरुण पोरं रस्त्यावर उतरली ती याच फलकाखाली जमली.

सलीमला या कामात मदत करणारा एक तरुण होता, मुहम्मद गनी हिकमत. जन्म १९२९. हे नाव लक्षात ठेवा. इराकचं अर्धं शतक या एका माणसाच्या हातांतून गेलंय.

१९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटलं आणि आठ वर्षं चाललं. दोन्हीकडची मिळून लाखो माणसं मेली. युद्ध अजून चालू असतानाच, १९८३ मध्ये बगदादमध्ये शहीद स्मारक उभं राहिलं. शिल्पकार इस्माईल फत्ताह, बसऱ्याचा. निळ्या फरशीचा मशिदीसारखा घुमट, चाळीस मीटर उंच, पण मधोमध चिरलेला. दोन अर्धुकं एकमेकांपासून सरकवून ठेवलीत. दुरून येताना घुमट अखंड दिसतो आणि जवळ येऊ लागलात की उघडत जातो. मधे झेंडा. खाली जमिनीत संग्रहालय आणि मेलेल्यांची नावं. ना घोडा, ना तलवार, ना कोणाचा चेहरा.

आमच्या वाडीतले एक काका कुवेतला मेकॅनिक होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा ते तिथे अडकले. दीड लाखाहून जास्त भारतीय त्या वेळी जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे, एअर इंडियाच्या विमानांनी परत आले. त्यातले एक हे. कुवेत ते बसरा, बसरा ते बगदाद, तिथून वाळवंटातून अम्मान, सगळं बसने. काका त्या प्रवासाबद्दल फारसं बोलत नाहीत. पाणी किती रुपयांना मिळालं एवढंच सांगतात. पण या भागाची तयारी करताना मी त्यांना मोबाइलवर शहीद स्मारकाचा फोटो दाखवला, तर लगेच म्हणाले, "ह्या मी बघलंय. बसमधून. निळो नारळ फोडून दोन शकला उभी ठेवल्यासारखा दिसता." कलेवरच्या कुठल्या पुस्तकात एवढं अचूक वर्णन असेल असं मला वाटत नाही. नारळ फोडतो आपण कशाकशाला, ते तुम्हाला सांगायला नको.

आता कुडाळच्या मुलीच्या प्रश्नाला उलटी बाजूही आहे. युद्ध बघितलं म्हणून हात आपोआप खरं बोलतो, असं अजिबात नाही. त्याच बगदादमध्ये १९८९ मध्ये 'विजय कमान' उघडली. जमिनीतून वर आलेले दोन प्रचंड हात, प्रत्येकात तलवार, आकाशात तलवारी एकमेकींना भिडलेल्या. हात कोणाचे? सद्दाम हुसेनचे. त्याच्याच हातांच्या साच्यावरून मोठे केलेले. पायथ्याशी जाळ्यांमध्ये इराणी सैनिकांची हेल्मेट्स ओतली होती, खरीखुरी, रणांगणावरून आणलेली. काम सुरू केलं खालिद अल-रहाल या नामवंत शिल्पकाराने. तो वारल्यावर ते पुरं केलं, कोणी? मुहम्मद गनी हिकमतने. सलीमच्या शेजारी उभं राहून रडणाऱ्या आईचं ब्राँझ बसवणाऱ्या माणसानेच.

इथे मी थोडा थांबतो, कारण हिकमतला दोष देणं सोपं आहे. हुकूमशाहीत शिल्पकाराला नाही म्हणता येतं का, हा प्रश्न मालवणात बसून सोडवायचा नाही. मला फक्त एवढं दिसतं की माणूस तोच, हात तेच, युद्धही बघितलेलं. पण काम सांगणारा बदलला, की शिल्प बदलतं. चिरलेला घुमट आणि तलवारीचे हात, दोन्ही एकाच युद्धाची स्मारकं आहेत, एकाच शहरात.

२००३ मध्ये अमेरिकन सैन्य बगदादमध्ये शिरलं आणि शहरात लूट झाली. राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं, आधुनिक कलेचा संग्रहही लुटला गेला. हिकमतची कितीतरी शिल्पं त्यात गेली. सत्तरी ओलांडलेला हा माणूस मग लुटलेली शिल्पं शोधून परत मिळवण्याच्या खटपटीत लागला. त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक असं: सुमेरी काळात मातीवर उठवायचे तसला दंडगोल शिक्का, पण खांबाएवढा, मोडलेला, कलंडलेला, आणि खालून अनेक हात त्याला पडू न देता धरून आहेत. पुन्हा हातच. पण आता तलवार नाही. २०११ मध्ये तो गेला आणि हे शिल्प त्यानंतर बगदादमध्ये उभं राहिलं. तिन्ही कामांचे फोटो फोनवर एकापुढे एक लावून बघा: १९६१, १९८९ आणि हे शेवटचं.

बैरुतबद्दल थोडक्यात, कारण तिथे गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी चालली. सलवा रौदा शुकेर नावाची शिल्पकार ती सगळी वर्षं बैरुतमध्येच काम करत होती. तिच्या शिल्पांत युद्ध शोधून सापडत नाही. एकमेकांत बसणारे लाकडाचे, दगडाचे ठोकळे, कवितेच्या ओळी एकावर एक रचाव्यात तसे. वेगळे करा, परत जुळवा. पण तिचं एक जुनं चित्र २०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागलं तेव्हा लोक त्याच्यापुढे थबकले. बाँबस्फोटाने फुटलेल्या काचेने त्याला भोकं पडलेली होती, आणि ती बुजवलेली नव्हती. चित्र १९५० च्या आसपासचं, युद्ध त्यानंतर पाव शतकाने आलं. तिने युद्ध काढलं नाही, युद्धानेच येऊन चित्रावर सही केली.

आणि मोना हातूम. पॅलेस्टिनी कुटुंबातली, जन्म बैरुतचा, १९५२ चा. १९७५ मध्ये लंडनला फिरायला गेली आणि मागे यादवी सुरू झाली. परत जाता येईना, तिथेच राहिली. तिच्या शिल्पांत सैनिक नाहीत, घर आहे. २००२ मध्ये तिने स्वयंपाकघरातली किसणी माणसापेक्षा उंच केली आणि खोलीत पडद्यासारखी उभी केली. त्याआधीच्या एका कामात भांडी, टेबल, खाट, सगळं तारांनी जोडून त्यात वीज सोडलेली, आणि विजेचा घूंऽऽ आवाज. माझ्या आईला मी किसणीचा फोटो दाखवला. तिने आपल्या आडाळ्याकडे बघितलं, म्हणजे आपली विळी, आणि म्हणाली, एवढो मोठो केलो तर घरात कोण रवतलो? घर सोडून जावं लागलेल्या बाईला घरातल्याच वस्तूंची भीती वाटू लागते, हे समजावायला मला दहा वाक्यं लागली असती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण त्यांच्या युद्धाशी आपला काय संबंध? कुवेतवाले काका सोडा, त्याच्याही आधीचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, जे सैन्य उतरवलं त्यात सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या आणि या पलटणींत कोकणातली माणसं भरपूर भरती होत. ही डिव्हिजन कूत शहरात वेढ्यात अडकली, उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. कैदेत पायपीट करत नेलेल्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. आपल्याकडे जुन्या बायका 'बसऱ्याक गेलो' असं म्हणायच्या, त्याचा अर्थ नुसता परगावी गेला असा नसायचा.

या युद्धात मेलेल्यांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक बांधलं, इस्माईल फत्ताहच्या गावात. चाळीस हजारांहून जास्त माणसांसाठी, ज्यांची थडगी सापडली नाहीत. पण त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते स्मारक उचलून बत्तीस किलोमीटर लांब वाळवंटात नेऊन ठेवलं. म्हणजे मालवण-सावंतवाडीकडच्या कुठल्याशा घरातला पोरगा तिथे एक आकडा आहे, आणि तोही वाळूत.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. एकसरच्या दगडावरही नाव नाही, पण तिथे निदान माणूस आहे, त्याच्या हातात वल्हं आहे.

एक शेवटची गोष्ट, आपल्या पाण्यातली. सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे. १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी ते उभारलं असं मानतात. तारीख बघा. तेव्हा मुघलांशी लढाई ऐन भरात होती आणि राजाराम महाराज स्वतः दूर जिंजीला, वेढ्यात. घडवणारा कोण ते माहीत नाही, पण तो युद्धाच्या मधोमध बसून काम करत होता. आणि त्याने काय घडवलं? घोड्यावरचा नाही, तलवार उगारलेला नाही. बसलेले शिवाजी महाराज, दाढी नाही, डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. एरवी त्यावर चांदीचा मुखवटा असतो, त्यामुळे खालचा दगडाचा चेहरा बऱ्याच जणांनी बघितलेलाच नसतो. होडीने किल्ल्यात जाणारे पर्यटक पाच मिनिटांत नमस्कार करून तटावर सेल्फी काढायला पळतात. पुढच्या वेळी जाल तर पुजाऱ्यांना विचारून बघा, आणि थोडं थांबा.

तर आता कामाचं. तुमच्या गावात वीरगळ असेल तर त्याचा फोटो पाठवा. दुपारचं ऊन डोक्यावर असताना काढू नका, सगळं सपाट दिसतं; सकाळी किंवा कलत्या उन्हात बाजूने प्रकाश पडला की आकृत्या उठून येतात. दगडावर खडू, पीठ, तेल काही चोळू नका, फोटो छान येतो पण दगड खराब होतो. शेंदूर लावलेला असेल तर तसाच राहू दे, तो गावाचा विषय आहे. कप्पे खालून वर मोजा आणि प्रत्येकात काय दिसतं ते दोन ओळींत लिहा, नीट कळलं नाही तरी चालेल. आणि किनाऱ्यालगतच्या गावांतल्या मंडळींनी सगळ्यात खालच्या कप्प्यातली माती जरा हाताने बाजूला करून होडी आहे का, ते तेवढं बघा.